बाबरची फुलं: परक्या मातीत बाग लावणाऱ्या बादशहाची गोष्ट

बाबर हे नाव उच्चारलं की आपल्याकडे लगेच वाद सुरू होतो. कुणी बाजूने बोलतो, कुणी विरोधात. त्या गदारोळात एक गोष्ट बहुतेकांच्या कानावर कधी येतच नाही. या माणसाने स्वतःच्या आयुष्याची जी हकिगत लिहून ठेवली, त्यात लढायांइतकीच जागा फुलांना, झाडांना आणि पाण्याच्या पाटांना दिली आहे. कुठल्या डोंगरावर कोणतं फूल येतं, कोणत्या रोपाला कुठली माती मानवते, कोणत्या बागेला पाणी कमी पडतं, याच्या नोंदी तो राज्यकारभाराच्या नोंदींच्या शेजारीच करतो. हा लेख त्याच बाबरविषयी आहे.

जहिरुद्दीन मुहम्मद बाबरचा जन्म १४ फेब्रुवारी १४८३ रोजी फरगाना खोऱ्यातल्या अंदिजानचा. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. वडिलांकडून तैमूरचा वंश, आईकडून चंगेजखानाचा. वडील उमर शेख मिर्झा यांना कबुतरांचा भारी नाद होता. १४९४ साली अखसीच्या किल्ल्यात दरीच्या कडेवर बांधलेलं कबुतरखान्याचं घर ढासळलं आणि त्याच्यासकट ते खाली कोसळून गेले. बाबर तेव्हा अवघ्या अकरा वर्षांचा. त्या वयात गादीवर बसला आणि पुढची दहा वर्षं ती गादी टिकवण्यातच गेली. समरकंद जिंकलं, गमावलं, पुन्हा जिंकलं, पुन्हा गमावलं. शैबानी खानाच्या उझबेकांनी त्याला शेवटी जन्मभूमीतूनच हुसकावून लावलं. डोंगरातल्या मेंढपाळांच्या वस्तीत दिवस काढायची वेळ आली. फरगान्यात त्याला नंतर कधी राज्य करता आलं नाही.

पण त्या खोऱ्याचं वर्णन करताना त्याला काय आठवतं ते बघा. ओश गावाच्या वाहत्या पाण्याकाठची वायलेटची फुलं. वसंतात फुलणारे ट्यूलिप आणि गुलाब. शिवाय समरकंदच्या भोवती त्याचा पूर्वज तैमूर याने वसवलेल्या मोठमोठ्या बागा. तैमूरच्या घराण्यात बाग हा नुसता शौक नव्हता. दरबार बागेत भरायचा, लग्नं बागेत व्हायची, तंबू बागेतच पडायचे. राज्य म्हणजे किल्ला आणि बाग, असंच ते समीकरण होतं. किल्ले गेले, पण बागेची ती कल्पना बाबर बरोबर घेऊन निघाला.

१५०४ मध्ये तो काबूलला पोचला. वय एकवीस. पुढची बावीस वर्षं हेच त्याचं घर. आणि माझ्या मते खरा बाबर इथेच घडला.

काबूलच्या आसपासच्या डोंगरपायथ्याला वसंतात रानटी ट्यूलिप उगवतात. फारसीत त्याला लाला म्हणतात. बाबरने एकदा माणसं लावून त्याचे प्रकार मोजून घेतले. बत्तीस-तेहतीस निघाले. एका प्रकाराला गुलाबासारखा हलका वास येत होता, त्याचं नाव त्याने गुलाबगंधी लाला असं ठेवलं. तो फक्त दश्त-ए-शेख नावाच्या एका माळावरच येतो, दुसरीकडे कुठेच नाही, हेही त्याने टिपून ठेवलं. आणखी एक शंभर पाकळ्यांचा ट्यूलिप परवानच्या खाली, घोरबंद खोऱ्याच्या तोंडाशी उगवायचा. राज्य नुकतंच हाती आलेलं, आजूबाजूला टोळ्यांची बंडं चालू, आणि हा गृहस्थ फुलांचे प्रकार मोजतोय! आजचा एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ जसा फुलाचा प्रकार आणि त्याचं ठिकाण नोंदवून ठेवतो, तशीच ही पद्धत आहे.

काबूलजवळ इस्तालिफ नावाचं गाव आहे. तिथे बाग-ए-कलां म्हणजे मोठी बाग होती. बाबरचा चुलता उलुग बेग मिर्झा काबूलचा राजा असताना त्याने ती मूळ मालकांकडून जबरदस्तीने घेतली होती. बाबरने काय केलं, तर मालकांना तिची किंमत चुकती केली आणि मगच ती आपली म्हटली. जिंकलेल्या मुलखात राजाला जमिनीचे पैसे मोजायची गरज त्या काळी कोण मानत होतं? पण हडपलेल्या जमिनीवरच्या बागेत त्याला बसवत नसावं. त्या बागेतून एक ओढा वाहत होता, काठाला चिनारची झाडं. ओढा वेडावाकडा होता, बाबरने त्याचा प्रवाह सरळ आणि नीटनेटका करून घेतला. त्याला निसर्ग आवडायचा, पण रेघेत आवडायचा. पाण्याने सरळ धावावं, वाफे चौकोनी असावेत, झाडं समोरासमोर असावीत. चारबाग ती हीच. मधोमध पाणी, त्यातून निघणारे पाट, आणि त्या पाटांनी केलेले चार भाग.

इस्तालिफच्या खालच्या अंगाला ख्वाजा सेह यारान नावाचा झरा आहे. तिथे अर्गवानची झाडं होती. अर्गवान म्हणजे वसंतात पानं फुटायच्या आधी फांद्याच्या फांद्या फुलांनी भरून जाणारं झाड. बाबरने त्या झऱ्याला दहा बाय दहाचा चौकोनी बांधीव हौद केला आणि भोवती बसायला कट्टे घातले, म्हणजे फुलांचा बहर बसून बघता यावा. अर्गवान फुलतो तेव्हा या जागेची सर जगातल्या दुसऱ्या कुठल्या जागेला येईल असं त्याला वाटत नव्हतं.

त्याची सर्वात प्रसिद्ध बाग मात्र काबूलपासून खाली, आजच्या जलालाबादजवळ, अदीनापूरच्या किल्ल्यासमोर होती. बाग-ए-वफा. हिजरी ९१४ म्हणजे १५०८-०९ मध्ये लावलेली. उंच जागा, बारमाही पाणी आणि सौम्य हिवाळा. थंड काबूलमध्ये जे जगत नाही ते इथे जगेल हे त्याने ओळखलं. ऊस लावला. तो इतका छान आला की बदख्शान आणि बुखाऱ्याला पाठवला. पुढे १५२४ मध्ये लाहोर घेतलं तेव्हा तिकडून केळीची रोपं आणवली. तीही रुजली. हौदाभोवती नारिंगाची झाडं, पलीकडे डाळिंब, आणि जमिनीवर सगळीकडे तिपानी गवताची हिरवळ. लष्कर घेऊन हिंदुस्थानच्या वाटेने जाता-येता तो इथे मुक्काम करायचा. १५२५ च्या अखेरीस, ज्या मोहिमेचा शेवट पानिपतात झाला त्या मोहिमेवर निघाल्यावरही, मुलगा हुमायूनची वाट बघत तो काही दिवस याच बागेत थांबला होता.

या बागांमध्ये मद्याच्या मैफलीही रंगायच्या, आणि बाबरने ते कुठेच लपवलेलं नाही. कोण किती प्याला, कोण घोड्यावरून पडता पडता वाचला, सगळं लिहिलंय. १५२७ मध्ये राणा सांगाविरुद्धच्या खानव्याच्या लढाईआधी त्याने तौबा केली. सोन्या-चांदीचे प्याले फोडून गोरगरिबांत वाटले, मद्य जमिनीवर ओतून दिलं, आणि ते ओतलं त्या जागी विहीर बांधायला सांगितली. त्यानंतरच्या नोंदींत बागा आहेत, फुलं आहेत, पण सुराही नाही. सोडल्यावर त्याला तिची आठवण यायची, हेही तो कबूल करतो.

काबूलमधली आणखी एक नोंद सांगायला हवी. १५१९ चा शरद ऋतू. बागेतल्या सफरचंदाच्या एका कोवळ्या झाडाची पानं पिकली होती आणि प्रत्येक फांदीवर पाच-सहाच उरली होती, अगदी ओळीत. हे चित्र कुठल्याही चित्रकाराला जमणार नाही, असं त्याने लिहून ठेवलं. बस्स, एवढंच. ना लढाई, ना दरबार.

एप्रिल १५२६ मध्ये पानिपत झालं. इब्राहिम लोदी मारला गेला, दिल्ली आणि आग्रा हाती आले. आणि मे महिन्यात बाबर आग्र्याला पोचला. आग्र्यातला मे महिना म्हणजे काय, हे उत्तरेत राहिलेल्यांना सांगायला नको. लू वाहत होती, माणसं पटापट आजारी पडत होती. सरदार परत जाऊ म्हणू लागले. त्याचा जिवलग सरदार ख्वाजा कलां खरोखरच परत गेला. बाबर राहिला. त्या काळात त्याने हिंदुस्थानाबद्दल जे लिहिलं ते काही गोड नाही. इथे बर्फ नाही, चांगली द्राक्षं नाहीत, खरबूज नाही, हमाम नाही, आणि बागांना भिंत नाही की वाहतं पाणी नाही, अशी मोठी तक्रारींची यादी आहे. पुढच्या काळात ती यादी लोकांनी त्याच्याविरुद्ध खूप वापरली. पण त्याच पुस्तकात त्याने इथल्या फुलांचं जे वर्णन केलंय, ते तेवढ्या आवडीने कुणी वाचून दाखवत नाही.

ते वर्णन वाचताना आपल्याला हसू येतं, कारण ती आपल्या दारातली फुलं आहेत. जास्वंद. त्याने ती आयुष्यात प्रथमच पाहिली होती. झुडूप गुलाबासारखं, रंग डाळिंबाच्या फुलापेक्षा गडद. गुलाबाची कळी साधी सरळ उमलते, पण जास्वंद उमलली की पाकळ्यांच्या मधून एक दांडा लांब बाहेर येतो, जणू एका फुलातून दुसरं फूल निघावं, हे त्याने अगदी बारकाईने लिहिलंय. फूल एका दिवसात कोमेजतं, पावसाळ्याचे चारही महिने भरभरून येतं, आणि एवढं देखणं असून त्याला वास नाही. मग कण्हेर. पांढरी आणि लाल. पाच पाकळ्या, एका ठिकाणी चौदा-पंधरा फुलं येतात म्हणून लांबून एकच मोठं फूल वाटतं. लाल कण्हेरीला मंद सुगंध असतो. आपल्याकडे रस्त्याच्या दुभाजकावर लावतात ती हीच कण्हेर, पण तिच्याकडे इतक्या नीट कोण बघतं?

आणि केवडा. कोकणातल्या वाचकांना केवड्याचं बन माहीत असेल. काटेरी पात्यांच्या आत मऊ पांढरी पाती आणि त्यांच्या आतून येणारा तो घमघमाट. बाबरला कस्तुरी ठाऊक होती. तिच्यात कोरडेपणाचा दोष आहे, केवडा म्हणजे जणू ओली कस्तुरी, असा त्याचा अभिप्राय. झाडाचा बुंधा मात्र बेढब आणि मुळं उघडी पडलेली, हेही सांगायला तो विसरला नाही. इथला पांढरा सुवासिक यास्मिन आपल्याकडच्यापेक्षा मोठा आणि जास्त वासाचा आहे, हे तर त्याने सरळ मान्यच केलं. तक्रारखोर माणसाकडून एवढं पुष्कळ झालं.

आग्र्यात बाग करायची ठरली, तेव्हा यमुनेच्या पलीकडच्या काठावर तो जागा शोधायला गेला. जमीन इतकी ओसाड आणि ओंगळ होती की त्याला शिसारी आली. पण आग्र्याजवळ दुसरी जागाच नव्हती, म्हणून तीच घेतली. आधी विहीर, मग अष्टकोनी तलाव आणि चिंचेची झाडं, मग मोठा हौद, मग बैठकीचे दालन, मग हमाम. काम तुकड्या-तुकड्यांनी झालं, सगळा आराखडा एकदम कागदावर आलेला दिसत नाही. प्रत्येक कोपऱ्यात एक छोटी बाग, आणि प्रत्येक बागेत ताटव्यांमध्ये गुलाब आणि नर्गिस एकमेकांना जुळतील असे ओळीने लावलेले. हिंदुस्थानातल्या तीन गोष्टींचा त्याला त्रास व्हायचा. उकाडा, वारा आणि धूळ. या तिन्हींपासून हमाम त्याला वाचवायचा. त्याच्या सरदारांनीही शेजारी बागा लावल्या. आग्र्याच्या लोकांनी असं आखीव काही पाहिलंच नव्हतं, तेव्हा त्यांनी यमुनेच्या त्या काठाला काबूलच म्हणायला सुरुवात केली. घर सुटलेल्या माणसाला याहून मोठी दाद कोणती मिळणार!

खरा प्रश्न होता पाण्याचा. काबूलमध्ये डोंगरावरून ओढा येतो, पाट काढला की काम झालं. आग्र्याच्या सपाट जमिनीवर पाणी खालून वर उपसावं लागतं. बाबरने त्याचे दोन प्रकार नीट पाहून लिहिले. लाहोर आणि दीपालपूरकडे रहाट असायचा, म्हणजे दोरांच्या माळेला बांधलेली मडकी चाकावरून फिरत पाणी वर आणतात. आग्रा-बयाना भागात मोट होती. आपल्या शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत होती तीच. बैल धावेवरून पुढे गेला की मोट वर येते, एक माणूस बैल हाकतो, दुसरा मोट रिकामी करतो. बाबरला ही पद्धत कष्टाची आणि घाण वाटली. कारण नाडा दर खेपेला बैलांच्या शेणामुतातून घासटत जातो आणि पुन्हा विहिरीतच उतरतो. आग्र्याच्या नव्या बागांसाठी लाहोरच्या पद्धतीचे रहाट बसवण्यात आले.

या सगळ्यात एक गोष्ट खटकते. विहिरी खणल्या, हौद बांधले, मडक्यांचे रहाट फिरवले, ओंगळ जमिनीत गुलाब रुजवले, ते हात कुणाचे होते? शेकडो माळी, बेलदार, पाथरवट. त्यांची नावं जवळपास कुठेच येत नाहीत. बल्खहून आलेल्या एका खरबूज पिकवणाऱ्याचा उल्लेख तेवढा येतो, आणि तोही बल्खी म्हणून, म्हणजे गावाच्या नावाने. पुढे अकबराच्या काळात चित्रकार बिशनदासने बाग-ए-वफाचं जे चित्र काढलं, त्यात बाबरच्या बरोबरीने सुतळी धरून वाफ्याची रेघ आखणारे आणि फावडं चालवणारे माळी ठळकपणे दाखवलेत. निदान चित्रात तरी ते आले.

सप्टेंबर १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला गेला. किल्ला पाहिला, मानसिंगाचा महाल पाहिला. आणि रहीमदादने तिथे लावलेल्या बागेत त्याची नजर एका झुडपावर खिळली. कण्हेर सगळीकडे असते, तिचा रंग साधारण पीचच्या फुलासारखा फिकट. पण ग्वाल्हेरची कण्हेर गडद, सुरेख लाल होती. त्याने त्यातली काही आग्र्याला नेऊन आपल्या बागांमध्ये लावली. काबूलमध्ये ट्यूलिप मोजणारा माणूस इथल्या मातीतलं फूल निवडून आपल्या बागेत आणतोय. माझ्या वाचनात तरी बाबर हिंदुस्थानात स्थिरावल्याची याहून मोठी खूण नाही.

त्याच प्रवासात तो धौलपूरला थांबला. तिथे एका सलग खडकातून तलाव कोरून घेण्याचं काम त्याने काढलं होतं. या बागेचे अवशेष १९७८ मध्ये अमेरिकन संशोधक एलिझाबेथ मॉयनिहन यांना धौलपूरजवळच्या झोर गावात सापडले. कमळाच्या आकाराची, खडकात कोरलेली कुंडं आजही तिथे आहेत.

तरीही काबूल सुटलं नाही. फेब्रुवारी १५२९ मध्ये त्याने काबूलला ख्वाजा कलांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात त्याने सांगितलंय की अलीकडे कुणीतरी खरबूज आणलं होतं, ते कापून खाताना आपल्याला रडू आवरलं नाही. आणि त्याच पत्रात बागेची कामंही आहेत. अमुक बागेला पाणी पुरत नाही, एक ओढा विकत घेऊन तिकडे वळवा. तमुक टेकाडावर नजरगाह म्हणून बाग करा, उत्तम रोपं लावा, कडेने सुवासिक आणि सुंदर रंगाची फुलं लावा. ओढा विकत घ्या, म्हणतोय तो. काबूलचा बादशहा तोच, तरीही. इस्तालिफची किंमत मोजली तेव्हापासून वीस वर्षांनंतरही त्याचा हा नियम बदललेला दिसत नाही.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आग्र्याच्या हश्त बिहिश्त बागेत त्या बल्खीने लावलेली खरबुजं आली. लहानशीच होती. एक-दोन वेलींवर द्राक्षंही लागली होती. हिंदुस्थानातही ही फळं होतात, हे पाहून बाबरला समाधान वाटलं. तीन वर्षांपूर्वीच्या तक्रारींच्या यादीतले दोन मुद्दे त्याने स्वतःच्याच हाताने खोडले म्हणा ना.

शेवटच्या दिवसांत तो थकला होता. त्याची मुलगी गुलबदन बेगम यांनी पुढे हुमायूननाम्यात लिहून ठेवलंय की, राज्य हुमायूनला देऊन आपण जरअफशां बागेत जाऊन राहावं, सेवेला एक ताहिर आफताबची पुरे, असं ते म्हणू लागले होते. ते काही घडलं नाही. २६ डिसेंबर १५३० रोजी आग्र्यात बाबरचं निधन झालं. वय सत्तेचाळीस. आधी यमुनेकाठच्या बागेतच दफन झालं. काही वर्षांनी त्याचे अवशेष काबूलला नेऊन डोंगरउतारावरच्या त्याच्या बागेत पुरले. कबरीवर घुमट नाही. १६०७ मध्ये पणतू जहांगीर तिथे गेला तेव्हा त्याने कबरीला शिलालेख लावला. पुढे शाहजहानने खालच्या पायरीवर संगमरवरी मशीद बांधली.

बाबरने आपली हकिगत चगताई तुर्कीत लिहिली होती. अकबराच्या सांगण्यावरून १५८९ मध्ये अब्दुर रहीम खानखानानने ती फारसीत आणली. हा तोच दोहे लिहिणारा रहीम. पुढे त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षं दख्खनच्या मोहिमांत, बुऱ्हाणपूरच्या छावणीत आणि अहमदनगरच्या मलिक अंबरशी झुंजण्यात गेली.

आग्र्यातली बाबरची बाग आज नेमकी कुठे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पर्यटकांना रामबाग दाखवतात, पण तिचं आजचं रूप बरंचसं नूरजहाँच्या काळातलं आहे. काबूलच्या बागेची कथा वेगळी. १९९० च्या दशकातल्या यादवी युद्धात तिथली झाडं तोडली गेली, पाण्याची व्यवस्था उद्ध्वस्त झाली, भिंती पडल्या. २००२ नंतर आगाखान सांस्कृतिक ट्रस्टने सुमारे ११ हेक्टरची ती बाग पुन्हा उभी केली. मधला पाट पुन्हा वाहता केला, आणि कोणती झाडं लावायची हे ठरवताना बाबरच्या पुस्तकाचाही आधार घेतला. चिनार, अक्रोड, आंबट चेरी, आणि अर्थातच अर्गवान. वसंतात काबूलची कुटुंबं चादरी आणि चहाचे थर्मास घेऊन तिथे जायची, आणि मुलं त्या पाटात पाय सोडून बसायची.